नाहुआत्ल चित्रलिपीत माणसांची नावं कशी लिहीत?

बखरवाचक (धागाकर्ता)

ॲझटेकांकडे लिपी नव्हती, ते नुसती चित्रं काढायचे, असं अजूनही सर्रास वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. का पटत नाही हे सांगायला धर्म, पंचांग, खंडणीच्या याद्या सगळं बाजूला ठेवतो आणि फक्त माणसांची नावं घेतो. देवळाला आग लागलेली दाखवली की गाव जिंकलं, हे कुठल्याही भाषेच्या माणसाला कळतं. पण गाव जिंकणाऱ्या राजाचं नाव इत्स्कोआत्ल होतं हे दाखवायचं तर चित्रकाराला नाहुआत्ल भाषेत शिरावंच लागतं, दुसरी वाट नाही.

नाहुआत्ल ही ॲझटेकांची भाषा. मेक्सिकोत आजही 16 लाखांच्या आसपास लोक ती बोलतात. हस्तलिखितं रंगवणाऱ्याला त्लाकुइलो म्हणत. त्यांच्या कामातलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे मेंदोसा कोडेक्स. ते 1541 च्या सुमारास मेक्सिको शहरात तयार झालं, म्हणजे ॲझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडल्यावर साधारण वीस वर्षांनी. चित्रं स्थानिक त्लाकुइलोंची आणि शेजारी स्पॅनिश टिपा. फ्रेंच चाच्यांच्या हाती लागून ते युरोपात पोचलं, आंद्रे थेवे या फ्रेंच राजभूगोलकाराने त्यावर स्वतःचं नाव लिहून ठेवलं, आणि फिरत फिरत 1659 मध्ये ते ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आलं. स्पॅनिश टिपांमुळे कुठल्या चित्राचा उच्चार काय हे आपल्याला खात्रीने सांगता येतं, म्हणून सुरुवात इथूनच करावी.

दुसऱ्या पानाच्या दर्शनी बाजूला तेनोच्तित्लानच्या स्थापनेचं चित्र आहे. निळ्या कालव्यांची फुली, मधोमध दगडावर उगवलेलं निवडुंग, त्यावर गरुड. चार भागांत मिळून दहा पुरुष बसले आहेत आणि प्रत्येकाला एका बारीक रेघेने एक छोटं चित्र जोडलं आहे. ते छोटं चित्र म्हणजे त्याचं नाव. गरुडाच्या डाव्या हाताला काळं अंग रंगवलेला, तोंडापुढे बोलण्याची निळी वेटोळी असलेला जो पुरुष चटईवर बसला आहे, त्याच्या मागे बघा: दगड आणि त्यावर निवडुंग. दगड म्हणजे तेत्ल, निवडुंगाचं फळ म्हणजे नोच्त्ली. समास होताना शेवटचे त्ल, त्ली गळतात आणि उरतं ते-नोच. हा तेनोच. पानाच्या मध्यभागी तेच निवडुंग मोठं काढलं आहे, तिथे ते शहराचं नाव लिहितं. एकाच पानावर एकच चिन्ह दोनदा, एकदा गावासाठी आणि एकदा माणसासाठी. मला हे पान फार आवडतं.

बाकीच्यांत एकाला जॅग्वार आणि त्यासोबत निशाण आहे. ओसेलोत्ल म्हणजे जॅग्वार, पान्त्ली म्हणजे निशाण, म्हणून ओसेलोपान. एकाला पाणी आणि पक्षी: आत्ल, तोतोत्ल, म्हणून आतोतोत्ल. एकाला बाण घुसलेलं पाऊल: शोमिमित्ल. एकाला निळसर हिरवी चप्पल: शिउकाकी, यात शिउ म्हणजे पिरोजा हे रत्न आणि काक्त्ली म्हणजे पायताण.

पुढच्या पानांवर एकेक राजा येतो. आकामापिच्त्ली: मुठीत धरलेले बोरू. वित्सिलिवित्ल: गुंजन पक्ष्याचं डोकं आणि भोवती पांढऱ्या पिसांचे पुंजके. चिमाल्पोपोका: धूर सुटलेली ढाल. इत्स्कोआत्ल: साप, आणि त्याच्या पाठीवर उभी रांगेत ज्वालामुखीच्या काळ्या काचेची पाती. ही काच फोडून ते लोक सुऱ्या करत, तिला इत्स म्हणत, आणि साप म्हणजे कोआत्ल. आशायाकात्ल: माणसाचा चेहरा आणि त्यावरून पाणी. आवित्सोत्ल: पाण्यात राहणारा एक प्राणी, अंगावर पाण्याच्या धारा घेऊन. शेवटचा क्वाउतेमोक मेंदोसात राजा म्हणून येत नाही, पण इतर हस्तलिखितांत त्याचा गरुड डोकं खाली करून झेप घेतो. काही ठिकाणी गरुडासोबत खाली जाणाऱ्या पावलांचे ठसे असतात, कारण तेमो म्हणजे उतरणे आणि उतरणं दाखवायची त्यांची रीत ती होती.

या चित्रांत वाचायचा क्रम ठरलेला नसतो. डावीकडून उजवीकडे नाही, वरून खाली नाही. पात्यांचा साप बघून आधी पातं वाचायचं की साप, हे चित्र सांगत नाही. भाषा येणाऱ्यालाच कळतं की कोआइत्स असं नाव नसतं.

किनारा

छान धागा. एक शंका. ओसेलोपानमधलं निशाण हे खरंच निशाण आहे, म्हणजे 'जॅग्वारचं निशाण' असा अर्थ आहे, की नुसतं 'पान' एवढा आवाज? वाचणाऱ्याला कसं कळायचं?

बखरवाचक

किनारा, प्रश्न अगदी नेमका आहे, कारण निशाण या लिपीत तीन कामं करतं.

ओसेलोपानमध्ये दोन्ही वाचनं चालतात. 'जॅग्वारचं निशाण' हे योद्ध्याला शोभेल असं नाव आहे. पण गावांच्या नावांत तेच निशाण निव्वळ आवाजासाठी येतं. '-पान' म्हणजे 'च्या वर, च्या ठिकाणी' असा प्रत्यय आहे, आणि प्रत्ययाचं चित्र काढता येत नाही, म्हणून तसाच आवाज असलेली वस्तू काढायची. तिसरं काम आकड्याचं. त्यांची मोजणी विसांची. वीस म्हणजे एक निशाण, चारशे म्हणजे केसांसारखी किंवा पिसासारखी खूण, आठ हजार म्हणजे एक थैली. खंडणीच्या यादीत कापडाच्या गठ्ठ्यावर निशाण दिसलं की ते वीस. म्हणजे जागा बघून वाचायचं: मोजायच्या वस्तूला चिकटलं असेल तर आकडा, नावात असेल तर आवाज.

आवाजासाठी वापरलेल्या अशा आणखी काही ठरीव वस्तू आहेत. '-त्लान' हा स्थळाचा प्रत्यय दाखवायला दात काढतात, कारण दात म्हणजे त्लान्त्ली. '-नावाक' म्हणजे 'जवळ', त्यासाठी बोलण्याची वेटोळी. आजच्या क्वेर्नावाका शहराचं मूळ नाव क्वाउनावाक, 'झाडांजवळ', आणि त्याचं चित्र म्हणजे बोलणारं झाड. '-त्सिंको' साठी माणसाचा कमरेखालचा भाग, कारण त्याला त्सिन्त्ली म्हणतात. झाडाला वाचा फुटली असं कुणाला सांगायचं नव्हतं आणि गावाला बूड आहे असंही नाही. हे सगळं उच्चारासाठी आहे.

दोनओळी

म्हणजे सात ठिपके आणि शेजारी एक चांदणी काढली की आपण 'सातारा' वाचू, तसं. गावाच्या नावाचा उगम काही असो, चांदणी तिथे फक्त आवाज द्यायला आली. मधला एक 'त' गळतो तोही आपण न सांगता गाळतो.

बखरवाचक

दोनओळी, हेच. आणि मराठी न येणारा माणूस त्या चित्रापुढे किती वेळ बसला तरी त्याला सातारा वाचता येणार नाही.

मुळाक्षर

धागा वाचनीय आहे, पण मूळ दाव्याशी मी सहमत नाही, आणि कारण देऊन सांगतो.

एलिझाबेथ हिल बून यांच्यासारख्या अभ्यासकांनी बराच विचार करून मांडलेला मुद्दा असा की मध्य मेक्सिकोची चित्रपुस्तकं मुळात भाषेवर अवलंबून नाहीत, आणि तीच त्यांची ताकद आहे. ओआहाकाचे मिश्तेक लोक वेगळी भाषा बोलत. पण वर्षं, दिवस, युद्ध, लग्न, मृत्यू दाखवायच्या खुणा बऱ्याचशा समान होत्या. बोरूचं चिन्ह आणि एक ठिपका हे वर्ष नाहुआ माणूस आपल्या भाषेत वाचेल, मिश्तेक आपल्या. अशा सार्वत्रिक पद्धतीत नावं हा छोटा कोपरा आहे. त्या कोपऱ्यावरून अख्ख्या पद्धतीला 'भाषेची लिपी' म्हणणं मला ओढाताण वाटते.

दुसरं, तुम्ही मोतेकुसोमा (आपण मॉन्टेझुमा म्हणतो तो) वगळलात. त्याच्या नावाचं चित्र फक्त एक मुकुट आहे, पिरोजा जडवलेला टोकदार राजमुकुट. 'मो', 'सोमा' यातलं काहीही चित्रात नाही. ज्याला नाव आधीच माहीत आहे त्यालाच ते कळणार. मी याला आठवण करून देणारी खूण म्हणेन.

पाटीपेन्सिल

दोन्ही बाजू वाचायला आवडतायत. खुर्ची धरून बसलेय.

बखरवाचक

मुळाक्षर, मोतेकुसोमाचं उदाहरण तुम्ही चांगलं काढलंत. नावाचा अर्थ 'अधिपतीसारखा रागावतो' असा. त्यातला 'तेकु' म्हणजे अधिपती, आणि मुकुट तेवढाच शब्द लिहितो. बाकीचं वाचणाऱ्याने भरायचं. हे मान्यच आहे. पहिल्या मोतेकुसोमाला इल्विकामिना असंही म्हणत, 'आकाशावर बाण सोडणारा', आणि काही हस्तलिखितांत त्यासाठी आकाशाचा पट्टा आणि त्यात घुसलेला बाण येतो. म्हणजे एकाच माणसाला कुठे मुकुट, कुठे आकाश. कुठलं नाव लिहायचं आणि किती लिहायचं हे त्लाकुइलो ठरवत होता.

पण 'आधीच माहीत असेल तरच कळेल' हे सगळ्या नावांना लागू होत नाही. इत्स्कोआत्ल पुन्हा घ्या. मेंदोसात तो पाठीवर पाती असलेला साप. आता तेनोच्तित्लानच्या शेजारच्या तेश्कोको राज्याच्या बाजूला 1540 च्या दशकात झालेल्या व्हेर्गारा कोडेक्समध्ये याच नावाच्या एका माणसाची नोंद आहे. तिथे साप नाहीच! काचेची टोकं लावलेलं हत्यार आहे, त्याला जोडून एक मडकं आणि मडक्याशी पाणी. इत्स म्हणजे काच. मडकं म्हणजे कोमित्ल, त्यातलं 'को'. पाणी म्हणजे आत्ल, त्यातलं 'आ'. इत्स-को-आ. साप या प्राण्याशी त्या तीन वस्तूंचा काडीइतका संबंध नाही. हे वाचायला नाव आधी माहीत असायची गरज नाही, नाहुआत्ल माहीत असायची गरज आहे.

हे उदाहरण नवं नाही. फ्रेंच अभ्यासक जोसेफ ओबँ यांनी 1849 च्या सुमारास हीच जोडी शेजारी ठेवून चिन्हांना आवाजी किंमत असते हे दाखवलं होतं. पुढे ते बराच काळ मागे पडलं. अल्फोन्सो लाकादेना यांनी 2008 च्या सुमारास ते नव्याने, जास्त शिस्तीने मांडलं: काही चिन्हं पूर्ण शब्द लिहितात, काही एकेक अक्षर, आणि दोन्ही एका नावात मिसळतात. मार्क झेंडर आणि गॉर्डन व्हिटेकर यांनीही या बाजूने काम केलं आहे, तपशिलात त्यांचे आपापसांत मतभेद असले तरी.

मुळाक्षर

व्हेर्गारा कोडेक्स स्पॅनिश आल्यानंतरचं आहे. तोवर फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांच्या शाळा सुरू झाल्या होत्या आणि त्लाकुइलोंच्या मुलांना रोमन अक्षरं येत होती. अक्षराक्षराने लिहायची ही सवय त्यातून आली नसेल कशावरून? ख्रिस्ती प्रार्थना शिकवताना 'पातेर नोस्तेर' हे लॅटिन शब्द पाठ व्हावेत म्हणून निशाण, दगड, निवडुंगाचं फळ, पुन्हा दगड अशी चित्रं काढल्याचं त्या काळच्या पाद्र्यांनीच नोंदवलं आहे. पा-ते-नोच-ते. 'आमेन' साठी पाणी आणि घायपात: आ-मे. मला यात मिशनऱ्यांची गरज दिसते, जुनी परंपरा नाही.

बखरवाचक

पा-ते-नोच-ते मीही माझ्याच बाजूने देणार होतो. मिशनऱ्यांना लॅटिन येत होतं, पण निशाणाचा 'पा' आणि दगडाचा 'ते' होतो हे त्यांनी शिकवलं नाही. ते तंत्र शिकणाऱ्यांच्या हातात आधीच होतं. तेनोचच्या नावात तोच दगड आणि तेच फळ त्याच आवाजांसाठी आहे.

स्पॅनिशांच्या आधीची चित्रपुस्तकं, निदान तेनोच्तित्लानची, जवळपास उरलेली नाहीत, ही आपली खरी अडचण. काही स्पॅनिशांनी जाळली. त्याआधी एकदा खुद्द राजा इत्स्कोआत्लच्या काळात जुने इतिहास जाळले गेले, असं सोळाव्या शतकातले स्पॅनिश पाद्री साहागुन यांना माहिती देणाऱ्या नाहुआ वृद्धांनी सांगितलं आहे. त्यामुळे दगडाकडे वळावं लागतं. महामंदिराच्या कामाची जी शिळा आहे, तिच्यावर 1487 शी जुळणारं '8 बोरू' हे वर्ष आहे आणि वर तिसोक आणि आवित्सोत्ल हे राजे भाऊ आपापल्या नावांच्या चिन्हांसह उभे आहेत. कोलंबस निघण्याच्या पाच वर्षं आधी. यातली नावं शब्दचिन्हांनी लिहिली आहेत, अक्षराअक्षराने नाहीत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण नाव माणसाला जोडून लिहायची रीत तेव्हा पूर्ण तयार झालेली दिसते.

नर्मदेकाठी

तिसोकचा विषय निघाला म्हणून लिहितो. मेक्सिको शहरातल्या मानववंशशास्त्र संग्रहालयात मी तिसोकचा दगड बघितला आहे. जात्याच्या तळीसारखा गोल पण अडीच मीटरहून जास्त रुंद, 1791 मध्ये शहराच्या मुख्य चौकात सापडला. कडेने पंधरा जोड्या कोरलेल्या आहेत: एक विजेता, एक कैदी. विजेत्याने कैद्याचे केस धरले आहेत. कैद्यांच्या डोक्याशी त्यांच्या गावांची चिन्हं आहेत. पंधरा विजेत्यांपैकी नाव मात्र एकालाच आहे. त्याचा शिरपेच इतरांपेक्षा भारी, गुंजन पक्ष्याचा, आणि डोक्यामागे एक छोटा पाय कोरला आहे. तो पाय म्हणजे 'तिसोक'. त्याच्या समोरच्या कैद्याला जाळं आहे, कारण जाळं म्हणजे मात्लात्ल आणि तो मात्लात्सिंकोचा.

लोक सूर्याची चकती बघायला वरून वाकतात आणि पुढे जातात. कडेने फिरलात तर तो पाय सापडतो. तळहाताएवढा भाग आहे, पण तो काढून टाकला तर हा दगड कोणाचा हे कळायला दगडावर काहीही उरत नाही.

ओवी

इतका वेळ सगळी पुरुषांची नावं वाचतेय. बायकांची नावं कुठे आहेत? आणि नाव ठेवायचा काही विधी होता का, हेही सांगा.

बखरवाचक

ओवीताई, दोन्हीची उत्तरं आहेत. पहिल्याचं थोडं खंतावणारं.

आधी बारसं. मेंदोसाच्या 57 व्या पानावर ते सविस्तर रंगवलं आहे. पाळण्यात बाळ, त्यावर चार फुलं, म्हणजे चार दिवस झाले. मग सुईण बाळाला अंगणात नेते. तिथे लव्हाळ्याची चटई अंथरलेली आणि पाण्याचं भांडं ठेवलेलं. ती बाळाला आंघोळ घालते. मुलगा असेल तर त्याच्या हाती बापाच्या धंद्याचं छोटं अवजार आणि छोटी ढाल-बाण देत, मुलगी असेल तर केरसुणी, चाती आणि टोपली. शेजारी तीन लहान मुलगे बसून भाजलेला मका आणि शिजवलेल्या शेंगांच्या बिया खात आहेत. आंघोळ झाली की सुईण त्यांना सांगे, आणि ती तिघं बाळाचं नवं नाव मोठ्याने पुकारत. नाव जगात पहिल्यांदा उच्चारायचा मान खाणाऱ्या पोरांना होता!

याशिवाय जन्मदिवसाचं एक नाव असे. 260 दिवसांच्या पंचांगात तेरा आकडे आणि वीस चिन्हं. ज्या दिवशी जन्म, तो दिवस हेच नाव: 'एक हरीण', 'सात फूल'. तेश्कोकोचा कवी-राजा नेसावाल्कोयोत्ल 'एक हरीण' दिवसाचा म्हणून सांगतात, पण त्याच्या नावाचं चित्र म्हणून कोयोट प्राण्याचं डोकं आणि गळ्यात उपासाची गाठ मारलेली पट्टी येते, कारण नावाचा अर्थ 'उपाशी कोयोट'. नाहुआ राजे अशा वैयक्तिक नावांनीच ओळखले जातात. मिश्तेक हस्तलिखितांत बहुधा दिवसाचं नाव ठिपक्यांसह आधी येतं आणि वैयक्तिक नाव जोडीला.

आता बायका. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाहुआत्लमध्येच, पण रोमन अक्षरांत लिहिलेल्या, आजच्या मोरेलोस राज्याकडच्या घरोघरच्या नोंदी उरल्या आहेत. त्यात बायकांची नावं पुन्हा पुन्हा तीच येतात: तेयाकापान म्हणजे पहिली, त्लाको म्हणजे मधली, तेइकु म्हणजे धाकटी, शोको म्हणजे शेंडेफळ. जन्माचा क्रम हेच नाव. त्याच नोंदींत पुरुषांची नावं मात्र तऱ्हेतऱ्हेची आहेत. राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं भारदस्त असत, पण साध्या घरात पोरीला क्रमांक मिळे.

तरी चित्रांत बायका अजिबात नाहीत असं नाही. बोतुरिनी कोडेक्स हा सालीच्या कागदाचा घडीचा लांब पट्टा आहे, आस्त्लान या दंतकथेतल्या मूळभूमीहून निघालेल्या मेशिका (म्हणजे ॲझटेक) लोकांच्या प्रवासाचा. त्याच्या पहिल्याच चित्रात बेटावर एक बाई बसली आहे आणि तिच्या नावाला गोल ढाल जोडली आहे. ढाल म्हणजे चिमाल्ली, ती चिमाल्मा. पुढे देवांची गाठोडी पाठीवर घेऊन चालणारे चौघे दाखवलेत, त्यात तीही आहे. तिघा पुरुषांना तेस्काकोआत्ल (आरसा आणि साप), क्वाउकोआत्ल (गरुड आणि साप) अशी नावं, तशीच हिला ढाल.

आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या तेलेरियानो-रेमेन्सिस कोडेक्समध्ये राजा वित्सिलिवित्लची एक स्त्री चक्क रंगवत बसलेली दाखवली आहे, हातात लेखणी घेऊन. शेजारी स्पॅनिशमध्ये टीप आहे: 'चित्रकार बाई'. नावं लिहिणाऱ्यांत बायकाही होत्या, एवढं त्या एका चित्रावरून म्हणता येतं.

ओवी

चिमाल्माचं आणि चित्रकार बाईचं माहीत नव्हतं. धन्यवाद. चित्र शोधून पाहिलं. तिच्यासमोर चौकोनी पान आहे आणि ती त्यावर वाकली आहे. बराच वेळ तेच बघत होते.

किनारा

स्पॅनिश लोकांची नावं लिहायची वेळ आली तेव्हा काय केलं? तिथे तर अर्थाचा आधारच नाही.

बखरवाचक

म्हणूनच ती नावं पाहण्यासारखी आहेत. तेलेरियानो-रेमेन्सिसमध्येच 1541 च्या आसपासच्या घटनांचं पान आहे. पहिला व्हाइसरॉय आंतोनिओ दे मेंदोसा. त्याच्या नावाला घायपात आणि जमिनीत बिळं करणारा एक उंदरासारखा प्राणी काढला आहे. घायपात म्हणजे मेत्ल, तो प्राणी म्हणजे तोसान. मे-तोसा. नाहुआत्लमध्ये 'द' नाही, म्हणून 'त' वर भागवलं. राजाच्या प्रतिनिधीला बिळातला प्राणी लावण्यात टिंगल नसावी असं मला वाटतं, कारण आवाज इतका नीट जुळतो की दुसरं काही शोधायची गरजच नव्हती.

त्याच पानावर पेद्रो दे आल्व्हारादो मेलेला दाखवला आहे. महामंदिरातल्या उत्सवात कत्तल घडवून आणणारा तो हाच. त्याच्याजवळ सूर्य काढला आहे. इथे आवाज जुळवलेलाच नाही. त्याच्या पिवळट केसांमुळे नाहुआ लोक त्याला तोनातिउ, म्हणजे सूर्य म्हणत, आणि त्लाकुइलोने लोकांच्या तोंडचं नाव लिहिलं.

एका पानावर दोन स्पॅनिश माणसं, एकाचं नाव उच्चारावरून, दुसऱ्याचं लोकांनी ठेवलेलं. मुळाक्षर, तुमच्या 'आठवणीच्या खुणे'त यातलं दुसरं बसेल. पहिलं कसं बसवणार?

मुळाक्षर

पहिलं आवाजाने लिहिलं आहे, यात वाद नाही. परकी नावं लिहिताना आवाज वापरला जायचा, हे माझं म्हणणं उलट पक्कं होतं. गरज पडली तिथे तंत्र वापरलं. लढाई, वंशावळ, खंडणी सांगायला त्यांना ती गरज वाटली नाही. जी पद्धत भाषेशिवाय इतकं सांगू शकते तिला भाषेच्या लिपीच्या मापाने मोजावं का, हा माझा प्रश्न कायम आहे. नावांपुरतं मात्र तुमचं वाचन मला मान्य आहे.

बखरवाचक

नावांपुरतं मान्य असेल तर मला आणखी एका हस्तलिखिताबद्दल लिहायचंच आहे, कारण तिथे नावांचा 'छोटा कोपरा' शेकडो पानं भरतो.

वेशोत्सिंको हे आजच्या पुएब्ला राज्यातलं गाव. 1560 मध्ये तिथल्या कर भरणाऱ्यांची शिरगणती झाली, तिला मात्रिकुला दे वेशोत्सिंको म्हणतात. मूळ प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पानामागून पान पुरुषांची डोकी, बाजूने दिसणारी, ओळीने. प्रत्येक डोक्याला रेघ आणि रेघेच्या टोकाला नावाचं चिन्ह. शेजारी रोमन अक्षरांत तेच नाव. म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या काढल्या आहेत. धंद्याच्या खुणाही वेगळ्या काढल्या आहेत.

यातला कुणी राजा नाही. शेतकरी, सुतार, कारागीर. बाप्तिस्मा झालेले, म्हणून हुआन, पेद्रो, मार्तिन अशी पहिली नावं आली, पण मागे नाहुआत्ल नाव टिकलं आणि चिन्हाने बहुधा तेच मागचं नाव लिहिलं. गरुडाचं डोकं असेल तर क्वाउत्ली, पक्षी असेल तर तोतोत्ल. याओत्ल हे तर फार नेहमीचं नाव. त्याचा अर्थ शत्रू किंवा योद्धा. शत्रू कसा काढणार? ढाल आणि काचेची पाती लावलेला लाकडी सोटा शेजारी शेजारी ठेवले की 'याओ' हा आवाज झाला. डोकी जवळजवळ सारखीच आहेत, तेच केस, तोच डोळा. एका हुआनला दुसऱ्या हुआनपासून वेगळं करणारं त्या पानावर जे काही आहे, ते त्या रेघेच्या टोकाला आहे.

पाटीपेन्सिल

हे कुठे बघायला मिळेल? आणि पूर्ण नवख्या माणसाने कुठून सुरुवात करावी?

बखरवाचक

मात्रिकुला पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात आहे, पानं मोठी करून बघता येतात. शोधताना एक काळजी घ्या. 'वेशोत्सिंको कोडेक्स' म्हणून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधलं 1531 चं हस्तलिखित आधी समोर येईल. ते वेगळं आहे, मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सेनानी कोर्तेस याच्या खटल्यातला पुरावा म्हणून केलेलं. त्यात खंडणीचे आकडे आहेत, नावांची ही यादी नाही.

सुरुवात मेंदोसानेच करा. मेक्सिकोच्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र आणि इतिहास संस्थेने त्याची डिजिटल आवृत्ती सर्वांना खुली ठेवली आहे. आधी दुसरं पान, दहा माणसं. मग राजे. ओरेगॉन विद्यापीठाचा नाहुआत्ल चिन्हांचा एक चित्रकोशही इंटरनेटवर आहे, त्यात एकेक चिन्ह कापून, वाचन देऊन ठेवलेलं आहे आणि मात्रिकुलातली नावंही भरपूर आहेत. शब्दांची छोटी यादी जवळ ठेवा: आत्ल पाणी, तेत्ल दगड, कोआत्ल साप, क्वाउत्ली गरुड, तोच्त्ली ससा, शोचित्ल फूल, मित्ल बाण, चिमाल्ली ढाल, पान्त्ली निशाण, मेत्ल घायपात. एवढ्यावर मात्रिकुलाच्या पहिल्याच काही पानांत नावं वाचता येऊ लागतील. शेजारचं रोमन अक्षरांतलं नाव कागदाने झाकून आधी चित्रावरून वाचा आणि मग जुळतंय का बघा. अडलं की इथे पानाचा क्रमांक टाका, मिळून सोडवू.

दोनओळी

तोच्त्ली, क्वाउत्ली आणि एक याओत्ल वाचता आला. चौथ्याला पाणी आहे आणि त्याखाली काय आहे ते कळत नाही, दात आहेत की पायऱ्या. पान क्रमांक उद्या टाकतो.